स्वराज्याच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव?

उरण तालुक्यातील चिरनेर येथे दरवर्षी २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना शासकीय मानवंदना दिली जाते. पोलिसांचे पथक शिस्तीत उभे राहते, हवेत फैरी झडतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि हारतुरे संपल्यावर गाड्या परत फिरतात. १९३० साली याच तारखेला, याच गावच्या अक्कादेवीच्या माळावर पोलिसांच्याच बंदुका झडल्या होत्या. मात्र त्या दिवशी नेम हवेत नव्हता. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी घरत आणि आलू बेमट्या म्हात्रे असे आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. मामलेदार जोशी हेही त्याच धुमश्चक्रीत मृत्युमुखी पडले. चिरनेर, मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे ही त्या आठांची गावे. या यादीत एकही वकील नाही, एकही संपादक नाही. शेतकरी, कोळी, न्हावी आणि कातकरी यांची ही यादी आहे, आणि ती वाचताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांसाठी एक नवनगर जाहीर केले आणि त्याच्या नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हाती दिले. त्याच वर्षीच्या १२ जानेवारीला शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी पूल खुला झाला होता. त्या पुलाच्या अलीकडच्या टोकाला वसणारी ही ‘तिसरी मुंबई’. नवनगराचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना त्यातील विसंगती जाणवली असेल असे मानण्यास कोणताही आधार नाही. चिरनेरच्या हुतात्म्यांनी कशासाठी प्राण दिले, हे ज्याला ठाऊक असेल तो त्या गावाचे नाव भूखंडांच्या नकाशावर छापताना निदान क्षणभर थांबला असता.

ते प्राण कशासाठी गेले याचे शासकीय उत्तर तयारच असते: महात्माजींनी हाक दिली, मिठाच्या सत्याग्रहापाठोपाठ जंगल सत्याग्रह आला, यवतमाळ जिल्ह्यात पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापले, बिळाशीच्या लोकांनी सागाचे सोट तोडले आणि चिरनेरच्या जनतेनेही देशभक्तीच्या भरात कोयते उचलले. यात खोटे काही नाही. परंतु अर्धे सत्य सांगून उरलेले अर्धे गाडून टाकण्याची ही पद्धत फार सोयीची आहे. जंगलाचा कायदा मोडण्यास चिरनेरच्या शेतकऱ्याला देशभक्तीचा धडा द्यावा लागला नव्हता. तो कायदा त्याच्या पोटावर पन्नास वर्षे बसून होता.

कोकणातील भातशेती राबावाचून होत नाही. वैशाखात रोपवाटिकेच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचे थर पसरून ते भाजायचे आणि पहिल्या पावसानंतर त्या राखेत भात पेरायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डहाळ्या आणि पाला येणार कोठून? डोंगरावरून. इंग्रज सरकारने डोंगर राखीव केले आणि त्या दिवसापासून राब हा गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. आयोग आला, साक्षी झाल्या, अहवाल निघाला आणि शेतकऱ्याच्या पाठीवरचा वनरक्षक तेथेच राहिला. १९२७ साली जो वन कायदा झाला त्याने ही सारी पकड एकत्र आवळली. चिरनेरचा कोयता चालला तो या कायद्यावर. आणि हा कायदा आज कोठे आहे? तो भारतीय प्रजासत्ताकाच्या कायद्यांच्या पुस्तकात आहे, त्याच नावाने आणि त्याच सालाने. हुतात्म्यांना सलामी आणि त्यांनी मोडलेल्या कायद्याला अभय, असा हा राज्यकारभार आहे.

पहिल्या महायुद्धाने या किनाऱ्याला जे दिले त्याचाही हिशेब येथे मांडला पाहिजे. युद्धाच्या काळात धान्य, कापड, रॉकेल यांचे भाव चढत गेले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे रिकामी केली. सैन्यात माणसे कमी पडू लागली तेव्हा ज्यांच्या भरतीवर सरकारने पूर्वी बंदी घातली होती त्या महारांची पलटण १९१७ मध्ये उभी करण्यात आली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ पर्यंत ती पलटण मोडूनही टाकली. १९१९ च्या सुधारणांनी मतदानाचा हक्क आणला, परंतु तो प्रामुख्याने मालमत्तेला आणि सरकारदरबारी भरल्या जाणाऱ्या साऱ्याला. सारा खोत भरी. घाम कुळाचा असे. म्हणजे युद्धोत्तर ‘स्वशासना’चा पहिला हप्ता खोताच्या ओटीवर पडला. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघालेले लोक बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले, तेव्हा स्वराज्याच्या व्याख्येत गावच्या तळ्याचे पाणी येते की नाही असा प्रश्न त्यांनी देशापुढे टाकला. या किनाऱ्यावर तो प्रश्न एकदा निघाल्यावर जमिनीचा प्रश्न फार काळ थांबणे शक्य नव्हते.

तो अलिबाग तालुक्यातील चरी या गावी उभा राहिला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी निर्णय केला की यापुढे खोत-सावकारांच्या जमिनी कसायच्या नाहीत. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे! गिरणी बंद पडली तर कामगार दुसऱ्या गिरणीचे दार ठोठावू शकतो. खारेपाटातल्या कुळाला दुसरे दार नव्हते. जमीन कसायची नाही याचा अर्थ घरात भात येणार नाही, इतका सरळ होता.

आणि ही जमीन तरी कोणाची? खारेपाट ही निसर्गाने दिलेली जमीन नव्हे. खाडीच्या भरतीला अडवून चिखलाचा बांध घालायचा, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरती आली की उघाडी बंद करायची, दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत वाट पाहायची, तेव्हा कोठे तेथे भात उभे राहते. बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री गावच्या गाव चिखलात उतरून ती बुजवते. एका भरतीचा आळस केला तर शिवार काही वर्षांसाठी नापीक होते. समुद्राकडून जमीन हिसकावून घेणारा आणि दररोज दोन वेळा ती समुद्रापासून राखणारा कूळ. सातबाऱ्यावर नाव मात्र खोताचे किंवा सावकाराचे. पीक आल्यावर खंडाचे भात आधी मोजले जाई, मागील बाकी आणि तिचे व्याज नंतर कापले जाई, वेठ निराळी, आणि कबुलायतीवर अंगठा असल्यामुळे कोर्टही खोताचेच. भात दराने कोसळले ते १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत. खंडाच्या मापाला मंदीची बाधा झाली नाही.

संपाच्या काळात कुळांनी डोंगरातून सरपण आणून विकले, खाडीत मासळी आणि चिंबोऱ्या धरल्या, मिळेल तेथे मोलमजुरी केली. फितूर होणारे फार थोडे निघाले. सरकारने सभा आणि भाषणे यांवर बंदी घातली. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. आगरी, कुणबी, माळी आणि महार कुळे एका मांडवात बसली, ही घटना त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात किती मोठी होती हे जातीची कुंपणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस यांच्यासारखी वरच्या जातींतली माणसे या जिल्ह्यात दलितांच्या आणि कुळांच्या बाजूने उभी राहिली, हेही नोंदवले पाहिजे. कारण ‘जातीय चळवळ’ म्हणून तिची संभावना करणाऱ्यांची तेव्हाही उणीव नव्हती आणि आजही नाही.

चरीचा स्मृतिदिन ते गाव आणि चळवळीतली माणसे पाळतात. परंतु स्वातंत्र्यलढ्याच्या रूढ इतिहासात चिरनेर ‘राष्ट्रीय’ प्रकरणात येते आणि चरी, आलेच तर, ‘शेतकऱ्यांच्या मागण्या’ या दुय्यम प्रकरणात. दोन्ही गावे एका जिल्ह्यातली, दोन्ही लढ्यांत माणसे एकाच थरातली, मध्ये अंतर तीन वर्षांचे. मग हा भेद कशासाठी? उत्तर अवघड नाही. चिरनेरला समोर परकी सत्ता होती, चरीला समोर स्वकीय खोत होता. परक्याविरुद्ध उठणारा शेतकरी हुतात्मा होतो. स्वकीयाविरुद्ध उठला की तो अंतर्गत कलह माजवणारा ठरतो.

या भेदाचा पोकळपणा बार्डोलीच्या उदाहरणाने चांगला उघडा पडतो. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा नाकारला. तो स्वातंत्र्यलढ्यातला सुवर्णाक्षरांचा अध्याय ठरला आणि तो योग्यच ठरला. चरीच्या कुळाने खंड नाकारला. सारा आणि खंड यांत फरक काय? कूळ जो खंड देई त्यातूनच जमीनधारक सरकारचा सारा भरी. एकाच भाताच्या कणगीतून दोघांची तोंडे भरत होती. खातेदाराने सरकारचा वाटा अडवला तर राष्ट्रकार्य आणि कुळाने खातेदाराचा वाटा अडवला तर राष्ट्राची फूट, हा न्याय कोणत्या तराजूतला?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक माणसेही घेतात, म्हणून त्याची वासलात एका वाक्यात लावून भागणार नाही. परकी सत्ता दाराशी उभी असताना घरातली भांडणे काढू नयेत, सर्व वर्गांची एकजूट टिकवावी आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर हिशेब करावा, असा तो आक्षेप आहे. एकजूट हवी होती हे मान्य. परंतु एकजुटीची किंमत नेहमी एकाच बाजूने का द्यावी? १९२२ च्या फेब्रुवारीत, चौरीचौऱ्यानंतर, काँग्रेसच्या कार्यकारिणीने बार्डोलीत जो ठराव केला त्यात रयतेने जमीनदारांचा खंड अडवून धरणे हे काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध आहे असे सांगितले आणि जमीनदारांच्या कायदेशीर हक्कांना धक्का लावण्याचा हेतू नाही अशी ग्वाही दिली. चौरीचौऱ्यात पोलीस ठाणे जळाले होते. त्याचा जमीनदाराच्या खंडाशी संबंध काय, याचा उलगडा तो ठराव करीत नाही. कुळाला एकजुटीसाठी थांबण्यास सांगणाऱ्यांनी खोताला कधी एका वर्षाचा खंड राष्ट्रासाठी सोडण्यास सांगितले होते काय?

हे केवळ येथेच घडले असे नाही. आयर्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांविरुद्ध बंदुका चालू असतानाच १९२० साली पश्चिमेकडील भूमिहीनांनी मोठ्या मालकांच्या कुरणांवर हक्क सांगितला, आणि आयरिश लोकसभेने, म्हणजे बंडखोरांच्याच सरकारने, जमीन न्यायालये उभारून तो उठाव आवरला. राष्ट्रीय चळवळीचे नेतृत्व ज्यांच्या हाती असते त्यांचे खाते ज्या पानावर असते, तेथवर चळवळ जाते आणि थांबते. त्यापुढे तिला ढकलावे लागते.

चरीने ती ढकलली. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, तेव्हा चरीचा संप चौथ्या वर्षात होता. १९३७ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोताला नुकसानभरपाई देण्याची तरतूदही त्यात होती, म्हणजे ते काही बोल्शेविकांचे फर्मान नव्हते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील आणि इतर भागांतील हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. विधेयक संमत झाले नाही. एवढे मात्र झाले की १९३९ च्या कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना कायद्यात आली आणि महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात संपाची तड लागली. खोती नष्ट करणारा कायदा येण्यास १९४९ साल उजाडले. दुसरे महायुद्ध होऊन गेले, इंग्रज गेले, तेव्हा कोठे कुळाचा क्रम लागला. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन यांनी कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आणले. ही देणगी नव्हती. सहा वर्षे ज्यांनी स्वतःची चूल थंड ठेवली त्यांनी ती वसूल केलेली होती.

आणि ज्या कुळांना जमीन मिळाली, त्यांच्या हातात ती किती वर्षे राहिली? १९७० साली नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील पंचाण्णव गावे निवडण्यात आली. जमीन घेण्याचे हत्यार होते १८९४ चा भूसंपादन कायदा. इंग्रजांनी आपल्या गरजेसाठी बनवलेला कायदा स्वतंत्र भारताच्या सरकारला जसाच्या तसा उपयोगी पडला. ‘सार्वजनिक हित’ या दोन शब्दांपुढे ना कुळाचा हक्क टिकला ना शतकाचा बांध. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई आणि परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे बळी घेतले. चिरनेरपासून हे ठिकाण लांब नाही. विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला मिळाला तो त्या पाच जणांच्या नंतर. बंदर १९८९ साली सुरू झाले. २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील बावीस गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले आणि बहुसंख्यांनी जमीन देण्यास नकार दिला, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे म्हातारे नेते त्या लढ्यात गावोगाव हिंडत होते. तो प्रकल्प मागे गेला. त्याची कारणे अनेक सांगितली जातात, परंतु शेतकऱ्याचा नकार हे त्यातले पहिले कारण होते. १८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ ला अखेर रद्द झाला आणि त्याच्या जागी संमती व सामाजिक परिणामांचा अभ्यास यांची तरतूद असलेला कायदा आला.

म्हणून आता भाषा बदलली आहे. संपादन म्हणत नाहीत, भागीदारी म्हणतात. हुकूम म्हणत नाहीत, संमती म्हणतात. संमती हा चांगला शब्द आहे. परंतु संमती कोणाची, हा प्रश्न डाव्या चळवळीनेही पुरता विचारलेला नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला संमती देईल किंवा नाकारील. खाडीचा सातबारा नसतो. तेथे पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या कोळ्याची संमती कोण घेणार? कातकऱ्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. झोपडी ज्या मातीवर आहे तीही त्यांच्या नावावर नाही. मालकाने जमीन विकली की वाडी उठते, आणि उठवणारा मालक पुष्कळदा एकेकाळच्या कुळाचाच नातू असतो. कूळ कायद्याने खंड देणाऱ्याला जमीन दिली. मजुरी करणाऱ्याला, वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्याला काहीही दिले नाही. नवश्या महादेव कातकरी चिरनेरला गोळी खाऊन पडला. त्याच्या जमातीला जंगलावर हक्क मिळण्याचा कायदा होण्यास २००६ साल यावे लागले, आणि त्या कायद्याखाली हक्क पदरात पाडून घेण्यासाठी आजही तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. चरीची परंपरा सांगणाऱ्यांनी चिरनेरच्या यादीतले हे दुसरे नाव अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवे होते.

कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराविरुद्ध गावकऱ्यांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या आहेत. त्या हरकतींची सुनावणी बंद खोलीत नव्हे, गावागावांत ग्रामसभेपुढे झाली पाहिजे. ग्रामसभेत सातबारा असलेला आणि नसलेला यांचे मत समान मोजले गेले पाहिजे. कोणतीही जमीन हस्तांतरित होण्यापूर्वी तिच्यावरील कातकरी वाड्यांचे गावठाण मोजून त्या त्या कुटुंबाच्या नावे झाले पाहिजे. खाडीच्या काठचे मासेमारीचे हक्क नकाशावर आले पाहिजेत. खारबांधांची दुरुस्ती वर्षानुवर्षे टाळून, शेते खाऱ्या पाण्याखाली जाऊ द्यायची आणि मग तीच जमीन ‘नापीक’ म्हणून स्वस्तात मागायची, हा प्रकार या किनाऱ्यावर ज्यांनी पाहिला आहे त्यांनी गावोगाव फुटलेल्या बांधांची यादी आजच तयार करावी. खांड कोणत्या साली पडली, अर्ज कोणत्या तारखेला दिला आणि उत्तर आले की नाही, हे तीन रकाने त्या यादीत असलेच पाहिजेत. येत्या २५ सप्टेंबरला मंत्रिमहोदय चिरनेरला येतील तेव्हा हारांच्या आधी ती यादी त्यांच्या हाती पडावी.